स्पीकर लाखाचे, कान पंच्याहत्तरीचे

वडिलांच्या पंच्याहत्तरीला काय द्यावे, हा प्रश्न आता पुष्कळ घरांत पडतो. शाल देऊन झालेली असते, तीर्थयात्रा घडवून झालेली असते, कपाटात नव्या वस्तूला जागा उरलेली नसते. अशा वेळी, ज्या वडिलांनी उमेदीच्या काळात पगारातून पैसे वाचवून भीमसेनजींच्या आणि कुमारांच्या तबकड्या जमवल्या, त्यांना एक उत्तम ध्वनियंत्रणा भेट द्यावी, असे मुलांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. भावना सुंदर आहे. बाजारही तिच्या स्वागताला सज्ज आहे. काही हजारांपासून कित्येक लाखांपर्यंतच्या स्पीकरच्या जोड्या आज मोठ्या शहरांत मिळतात आणि त्या ऐकून पाहण्यासाठी दुकानांत गालिचे अंथरलेल्या स्वतंत्र खोल्याही असतात.

तरीही, अशी भेट घरी आल्यावर दोन-तीन महिन्यांत ती मुकी होऊन बसते, हे मी आमच्या दवाखान्यात अनेकदा ऐकले आहे. मुले म्हणतात, “बाबांना आता गाण्यात रस राहिला नाही.” बाबा म्हणतात, “आवाज भरपूर येतो हो, पण शब्द लागत नाहीत.” या दोन वाक्यांमधले अंतर समजून घेणे हा या लेखाचा विषय आहे. उत्तम स्पीकर कसा पारखावा आणि त्याला साजेसा ॲम्प्लिफायर कसा निवडावा, याची माहिती पुढे दिलीच आहे. पण या साखळीतले शेवटचे यंत्र म्हणजे ऐकणाऱ्याचा कान, आणि खरेदीची सुरुवात तिथूनच झाली पाहिजे.

कानाचे वय

तरुण, निरोगी कान साधारणपणे २० ते २०,००० हर्ट्झ कंपनसंख्येचे ध्वनी ऐकू शकतो. अंतर्कर्णातील शंखासारख्या वळणदार नळीत सूक्ष्म केशपेशींची रांग असते. नळीच्या मुखाशी असलेल्या पेशी उंच स्वर टिपतात, तर आतल्या टोकाच्या पेशी खर्जाचे. वयोमानाने प्रथम झिजतात त्या मुखाजवळच्या पेशी, आणि माणसामध्ये या पेशी पुन्हा उगवत नाहीत. म्हणून उतारवयात खालचे स्वर बऱ्यापैकी शाबूत राहतात आणि वरचे हळूहळू मावळतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार साठीपुढच्या चौथ्या हिश्श्याहून अधिक लोकांना दैनंदिन व्यवहारात अडथळा आणणारा श्रवणदोष असतो.

याचा भाषेवर होणारा परिणाम लक्षात घ्या. अ, आ, ओ या स्वरांची शक्ती मुख्यतः खालच्या कंपनसंख्यांत असते. स, श, फ, थ, ख यांसारख्या व्यंजनांची ओळख मात्र २,००० हर्ट्झच्या वरच्या पट्ट्यात दडलेली असते. स्वर कानी पडतात म्हणून ‘आवाज येतो’ आणि व्यंजने निसटतात म्हणून ‘शब्द लागत नाहीत’. ‘साठ’ आणि ‘पाठ’ यांतला फरक हरवतो. गाण्यात तानपुऱ्याची जवारी मंद होते, तबल्याच्या चाटेवरची किनार बोथट होते, पण बायाँचा घुमार तसाच राहतो.

यात आणखी एक गुंता आहे. झिजलेल्या कानाला मंद आवाज ऐकू येत नाही. पण आवाज थोडा वाढवला की तो एकदम असह्य होतो. सुखाने ऐकू येण्याचा पट्टा दोन्ही बाजूंनी आक्रसलेला असतो. “जरा मोठ्याने बोल” आणि “ओरडतोस कशाला” ही दोन्ही वाक्ये आजोबा एकाच मिनिटात म्हणतात, त्यामागे हट्ट नसतो. हे शरीरशास्त्र असते. अशा कानासमोर केवळ अधिक ताकदीची यंत्रणा ठेवल्याने प्रश्न सुटत नाही, उलट त्रास वाढतो.

दुकानापूर्वी तपासणी

म्हणून खरेदीची पहिली पायरी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जाते. कधी कधी कानात घट्ट बसलेला मळ हेच ऐकू न येण्याचे कारण असते आणि तो काढल्यावर बराच फरक पडतो. घरी काडी किंवा पिन घालून तो काढण्याचा प्रयत्न करू नये. त्यानंतर श्रवणचाचणी करून घ्यावी. बंद खोलीत हेडफोन लावून २५० ते ८,००० हर्ट्झपर्यंतचे स्वर ऐकवले जातात आणि प्रत्येक कानाचा आलेख मिळतो. त्रास काहीच होत नाही. तो आलेख हाती असला, की कोणता स्वर किती उणा आहे आणि दोन्ही कान सारखे आहेत की नाहीत, हे कळते. स्पीकरच्या माहितीपत्रकातल्या आलेखापेक्षा हा आलेख आपल्या कामाचा अधिक आहे.

एका कानाने अचानक, एक-दोन दिवसांत ऐकू येईनासे झाले तर ती तातडीची बाब समजावी. उपचार पहिल्या काही दिवसांत सुरू झाले तरच गुण येण्याची शक्यता अधिक असते. एकाच कानात सतत गुणगुण, चक्कर, कानातून स्राव ही लक्षणेही तज्ज्ञांना दाखवलीच पाहिजेत.

तज्ज्ञांनी श्रवणयंत्र सुचवले तर ते आधी घ्यावे, सवय होण्यास काही आठवडे द्यावे, आणि मगच स्पीकर ऐकायला जावे. श्रवणयंत्रे मुख्यतः बोलणे समजावे यासाठी जुळवलेली असतात. ती मोठा आवाज आपोआप दाबतात आणि लांबलेल्या स्वराला कधी शिट्टी समजून त्याच्याशी झटापट करतात. मग तानपुरा किंवा बासरी थरथरल्यासारखी वाटते. अनेक यंत्रांत संगीतासाठी वेगळी जुळणी करून मिळते. ती जरूर मागावी.

या सगळ्याला संगीताच्या पलीकडचे महत्त्व आहे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या धोक्यांमध्ये २०१७ पासून श्रवणदोषाचा समावेश केला आहे. ज्याला ऐकू येत नाही तो माणूस बैठकीतून हळूच उठून आपल्या खोलीत जातो. घरच्यांना वाटते, स्वभाव एकलकोंडा झाला.

बोललेला शब्द, ही पहिली कसोटी

स्पीकर पारखताना दणदणीत संगीत लावण्याची प्रथा आहे. परंतु या क्षेत्रातील एका नामांकित स्पीकरचा जन्म निवेदकाच्या आवाजातून झाला. १९७०च्या दशकाच्या आरंभी ब्रिटनच्या बीबीसीला बाह्यप्रक्षेपणाच्या गाडीत बसेल असा छोटा स्पीकर हवा होता. गाडीतल्या चिंचोळ्या जागेत बसून ध्वनिमुद्रकाला निवेदकाचा आवाज जसाच्या तसा ऐकू येणे गरजेचे होते. बीबीसीच्या अभियंत्यांनी त्यासाठी ‘एलएस ३/५ए’ हा जेमतेम फूटभर उंचीचा स्पीकर तयार केला. मानवी आवाज कसा असतो हे प्रत्येकाला जन्मापासून ठाऊक असते, म्हणून त्यातली खोट चटकन ओळखू येते, हे त्या परंपरेचे सूत्र होते. या स्पीकरचा खर्ज मर्यादित आहे, त्याला फार मोठा आवाजही पेलत नाही. तरी आवाजातील नैसर्गिकपणासाठी पन्नास वर्षांनंतरही तो नावाजला जातो.

वृद्ध श्रोत्यासाठी हेच सूत्र उपयोगी आहे. त्यांना बातम्या, कीर्तन, प्रवचन, नाटक, भावगीत ऐकायचे असते. भिंत हादरवणारा खर्ज त्यांच्या कामाचा नाही. उलट अवास्तव फुगलेला खर्ज, आधीच दुबळ्या झालेल्या व्यंजनांना झाकून टाकतो.

दुकानात बसल्यावर

ज्यांच्यासाठी स्पीकर घ्यायचा त्यांना दुकानात घेऊन जा. पडद्यामागून आश्चर्याची भेट देण्याचा मोह या बाबतीत टाळावा. गर्दी नसेल अशी सकाळची वेळ ठरवा. त्यांची झोप झालेली असावी, पोट भरलेले असावे आणि श्रवणयंत्र असल्यास कानात असावे.

ध्वनिमुद्रणे आपली न्या. दुकानातली निवड यंत्राचे गुण दाखवण्यासाठी केलेली असते. वर्षानुवर्षे ऐकलेले एखादे भावगीत, संथ आलापीचा एक ख्याल, ज्यात तानपुरा स्पष्ट आहे असा एक तुकडा, आणि एका पुरुषाचे व एका स्त्रीचे गद्य बोलणे, एवढे पुरेसे आहे. गद्य मात्र अनोळखी असावे. पाठ असलेल्या गाण्याचे शब्द मेंदू स्वतःच भरून काढतो, त्यामुळे परीक्षा फसते. अनोळखी परिच्छेदातले वाक्य ऐकवून ते त्यांना पुन्हा म्हणायला सांगा. कोणत्या स्पीकरवर अधिक शब्द अचूक आले, ते कागदावर लिहून ठेवा.

दोन स्पीकरांची तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा ठेवण्याचा आग्रह धरा. किंचित मोठा आवाज आपल्या कानाला नेहमी ‘चांगला’ वाटतो. बेल प्रयोगशाळेतील फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवून दिले, की आवाज कमी असताना आपला कान खर्जाला कमी दाद देतो. आवाज वाढवला की तोच खर्ज भरदार वाटू लागतो. मोबाइलवरील ध्वनिमापक ॲप अगदी अचूक नसले तरी एवढ्या तुलनेला चालते. घरी ऐकाल तेवढ्याच आवाजात ऐका. शेजारी बसलेल्या माणसाशी स्वर न चढवता बोलता आले पाहिजे.

डोळे मिटून ऐकावे, हा सल्ला भाबडा वाटेल, पण त्याला आधार आहे. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या संशोधकांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात त्याच श्रोत्यांना तेच स्पीकर एकदा पडद्याआडून आणि एकदा डोळ्यांसमोर ठेवून ऐकवले. स्पीकर दिसू लागताच गुण बदलले. भारदस्त पेट्यांचे वाढले आणि लहान, स्वस्त स्पीकरचे घटले. याच टूल यांना कॅनडातील आधीच्या प्रयोगांत असेही आढळले होते, की ज्यांची श्रवणशक्ती उणावलेली आहे त्यांचे मत त्याच स्पीकरबद्दल वेळोवेळी बदलते. आपल्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे. आजोबांनी एकदा “हा छान” म्हटले म्हणून व्यवहार उरकू नये. चार-आठ दिवसांनी, कोणता स्पीकर वाजतो आहे हे न सांगता, पुन्हा ऐकवावे. दोन्ही वेळा तेच उत्तर आले तर ते विश्वासार्ह.

एका स्पीकरवर सलग अर्धा तास तरी बसा. पहिल्या दोन मिनिटांत चमकदार वाटणारा आवाज विसाव्या मिनिटाला टोचू लागतो. आजोबा अस्वस्थ होऊन हालचाल करू लागले, कानाकडे हात नेऊ लागले, तर ते न बोलताही उत्तर देत असतात. शक्य असल्यास जोडी दोन दिवस घरी ठेवून ऐकण्याची सोय मागा.

ॲम्प्लिफायरची जोड

स्पीकर आवडला तरी त्याला चालवणारा ॲम्प्लिफायर साजेसा हवा. इथे तीन गोष्टी पाहाव्या लागतात.

पहिली, स्पीकरची संवेदनशीलता. एक वॅट शक्ती दिल्यावर एक मीटरवर तो किती डेसिबल आवाज देतो, हा आकडा माहितीपत्रकात असतो. बहुतेक घरगुती स्पीकर ८५ ते ९० डेसिबलच्या आसपास असतात. तीन डेसिबल वाढवायचे तर दुप्पट वॅट लागतात, हा हिशेब लक्षात ठेवावा. ८७ डेसिबलच्या जोडीवर तीन मीटर अंतरावरून बेताच्या आवाजात गाणे ऐकताना सरासरी शक्ती एक वॅटही लागत नाही. समेवरच्या क्षणिक आघातासाठी पाच-दहा वॅट पुरतात. म्हणजे सामान्य दिवाणखान्यासाठी ३० ते ५० वॅटचा प्रामाणिक ॲम्प्लिफायर पुष्कळ झाला. ‘एलएस ३/५ए’सारखा ८२-८३ डेसिबलचा स्पीकर असेल तर थोडी अधिक शक्ती ठेवावी. मात्र फारच दुबळा ॲम्प्लिफायर ताणून वाजवू नये; त्याची लहर वरून छाटली जाते, आवाज कर्कश होतो आणि उंच स्वरांचा ट्वीटर जळू शकतो.

दुसरी, इम्पीडन्स, म्हणजे विद्युत प्रवाहाला होणारा अवरोध. स्पीकरवर ८ ओहम लिहिलेले असले तरी काही कंपनसंख्यांवर तो निम्म्यापर्यंत उतरू शकतो. म्हणून ४ ओहमच्या स्पीकरलाही पेलू शकेल असा ॲम्प्लिफायर निवडणे सुरक्षित. व्हॅक्यूम ट्यूबवर चालणाऱ्या ॲम्प्लिफायरांचे रूप मोहक असते, पण स्पीकरच्या इम्पीडन्सनुसार त्यांचा नाद बदलू शकतो, शिवाय ट्यूब हात भाजेल इतकी तापते. थरथरते हात आणि लहान नातवंडे असलेल्या घरात मी ते सुचवणार नाही.

तिसरी गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाही. महागड्या ॲम्प्लिफायरवर अनेकदा बेस, ट्रेबल आणि बॅलन्सची बटणे नसतात. ध्वनी शुद्ध राहावा हा त्यामागचा विचार असतो. पण ज्यांचे उंच स्वर मावळले आहेत त्यांना ट्रेबल थोडे वाढवण्याची आणि बेस किंचित कमी करण्याची सोय मोलाची असते. एक कान दुसऱ्यापेक्षा उणा असेल तर बॅलन्स हवा. एका कानाने जवळजवळ ऐकूच येत नसेल तर दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र करणारे मोनोचे बटण हवे, नाहीतर अर्धे वाद्यवृंद हरवतात. ट्रेबल वाढवण्यालाही मर्यादा आहे. ज्या पेशी उरल्याच नाहीत त्यांच्यासाठी आवाज चढवला तर फक्त कर्कशपणा वाढतो.

जुन्या एलपी वाजवायच्या असतील तर ॲम्प्लिफायरवर ‘फोनो’ लिहिलेली जागा आहे का, ते पाहा. तबकडीच्या सुईतून येणारा संकेत काही मिलिव्होल्टचाच असतो, तर सीडी प्लेअरचा सुमारे दोन व्होल्टचा. फोनोची सोय नसेल तर तबकडी क्षीण आणि पिचक्या आवाजात वाजते आणि दोष स्पीकरला लागतो. आणि १९२५ पूर्वी भोंग्यासमोर गाऊन मुद्रित केलेल्या तबकड्यांत उंच व खर्जाचे स्वर मुळातच फार कमी टिपले गेले आहेत. कितीही किमती स्पीकर त्यांत भर घालू शकत नाही.

तारांवर फार खर्च करू नये. घरातल्या अंतरासाठी अडीच चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची तार पुरते. लाल टोक लाल खुणेला आणि काळे काळ्याला जोडले आहे ना, एवढे मात्र दोन्ही स्पीकरवर तपासावे. एका बाजूला उलट जोडणी झाली तर खर्ज नाहीसा होतो आणि मधोमध यायला हवा तो गायकाचा आवाज पसरट होतो.

खोली आणि खुर्ची

आपल्या घरांत फरशी गुळगुळीत, भिंती उघड्या आणि खिडक्यांना काचा. टाळी वाजवून पाहा. नाद रेंगाळत असेल तर शब्दांची शेपटे एकमेकांत गुंततात, आणि उतारवयातील कानाला हा गुंता सोडवणे तरुणांपेक्षा अवघड जाते. जाड पडदा, कापडी सोफा, पुस्तकांचे भरलेले कपाट यांनी पुष्कळ फरक पडतो. जमिनीवर गालिचा घालायचा असेल तर त्याच्या कडा घट्ट बसवून घ्याव्यात. पाय अडकून होणारे खुब्याचे अस्थिभंग आम्ही डॉक्टर मंडळी नेहमी पाहतो. स्पीकरच्या ताराही चालण्याच्या वाटेवर नकोत, भिंतीलगत पट्टीत बसवाव्यात. उंच, सडपातळ स्पीकर तोल जाणाऱ्या माणसाने आधारासाठी धरला तर दोघेही पडतात.

स्पीकर कोपऱ्यात कोंबला की खर्ज घुमू लागतो. भिंतीपासून हातभर पुढे आणावा. ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर असावा. दोन स्पीकर आणि खुर्ची यांचा साधारण समभुज त्रिकोण व्हावा. आणि खुर्ची जवळ घ्यावी. चार मीटरऐवजी दोन मीटरवर बसल्याने शब्द जितके स्पष्ट होतात, तितके किंमत दुप्पट करूनही क्वचितच होतात.

आमच्या परिचयाचे एक निवृत्त शिक्षक आहेत. मुलाने प्रेमाने आणलेले पुरुषभर उंचीचे स्पीकर त्यांच्या हॉलमध्ये बंद पडून होते. तपासणीत दोन्ही कानांचे उंच स्वर बरेच उणे निघाले. श्रवणयंत्रे बसली, स्पीकर मुलाच्या घरी गेले, आणि त्यांच्या आरामखुर्चीपासून दोन मीटरवर स्टँडवर एक लहान जोडी आली. आता रोज सकाळी ते आकाशवाणीच्या बातम्या ऐकतात आणि पत्नीशी त्यांवर वाद घालतात. ती माउली म्हणाली, “डॉक्टर, दोन वर्षांनी हे माझ्याशी भांडले.” औषधांच्या चिठ्ठीवर असे समाधान क्वचितच लाभते.

थोडी सावधगिरी

मोठ्या माणसांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने सुरक्षित मानलेली मर्यादा आठवड्याला ४० तास ८० डेसिबल अशी आहे, आणि दर ३ डेसिबल वाढीला ही मुदत निम्मी होते. घरातील साधा संवाद ६० डेसिबलच्या आसपास असतो. हेडफोन वापरणाऱ्यांनी ही मर्यादा विशेष पाळावी. स्पीकरमध्ये ताकदीचे चुंबक असते, म्हणून पेसमेकर बसवलेल्यांनी तो छातीशी धरून उचलू नये. किमान वीतभर अंतर ठेवावे. रिमोटची बटणे मोठी आणि मोजकी असावीत. चालू-बंद करण्यासाठी रोज नातवाला हाक मारावी लागली तर यंत्रणा पुन्हा मुकी होते.

तेव्हा खर्चाचा क्रम असा ठेवावा. आधी कानाची तपासणी आणि गरज असल्यास श्रवणयंत्र, मग खोलीची व्यवस्था, मग बोललेला शब्द स्वच्छ देणारा बेताचा स्पीकर, आणि शेवटी त्याला साजेसा, बटणांची सोय असलेला ॲम्प्लिफायर. हे सारे झाल्यावरही पैसे उरले आणि हौस असेल, तर मोठा स्पीकर खुशाल घ्यावा. पण त्याआधी एका संध्याकाळी वडिलांजवळ बसून त्यांच्या आवडीचे गाणे लावा आणि त्यांना विचारा, “बाबा, शब्द लागतात का?” उत्तराची घाई करू नका. अनेक वृद्ध ‘हो’ म्हणतात ते मुलांना वाईट वाटू नये म्हणून.